चेहरा जुळला, पण माणूस समोर होता का?

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाचं ८ जुलै २०२५ चं एक पत्र आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी आता मोबाइल ॲपवर लागते. सकाळी एक फोटो, दुपारी एक फोटो आणि सोबत जागेचे अक्षांश-रेखांश. वैयक्तिक लाभाची कामं सोडली तर १ जानेवारी २०२३ पासून ही हजेरी सगळीकडे सक्तीची झाली. त्यानंतर अडीच वर्षांनी निघालेल्या या पत्रात मंत्रालयाने हजेरीतले गैरप्रकार स्वतःच एकेक करून मांडले. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवायचे, एकच फोटो अनेक मस्टरना लावायचा, दुपारचा फोटो काढायचाच नाही. याच यादीत आणखी एक प्रकार आहे. समोर माणसं उभी न करता फोटोचाच फोटो काढायचा.

हे पत्र सांगली जिल्ह्याच्या जिव्हारी लागायला हवं. रोजगार हमीची कल्पना रुजली ती याच मुलखात. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली, १९७७ मध्ये महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने. मस्टरवर ज्याचं नाव आहे तो माणूस खरोखर कामावर होता, या एका गोष्टीवर योजनेचा सगळा डोलारा उभा आहे. बोगस मस्टरं पूर्वीही निघत. तेव्हा अंगठा खोटा असे, आता फोटो खोटा असतो.

फोटोचा फोटो काढून कॅमेऱ्याला फसवता येतं, हे संगणकशास्त्रात नवं नाही. त्यावर वीसेक वर्षं संशोधन चालू आहे, त्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, चाचण्यांच्या पद्धती आहेत. आपल्याकडे मात्र ‘चेहरा जुळतो का’ एवढीच चर्चा होते. ‘चेहरा जिवंत आहे का’ हा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि माझ्या मते जास्त अवघडही.

दोन्ही प्रश्नांतला फरक आपल्या इतिहासात पाहता येतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक माणूस पुढे आला. चेहरेपट्टी भाऊंसारखी, म्हणून भल्याभल्यांची खात्री पटली. त्याला कैद झाली, १७७६ मध्ये तो सुटला, कोकणात त्याने बंड उभं केलं आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक त्याच्यावरच लिहिलं. तिथे माणूस जिवंत होता, समोर होता, पण तो भाऊ नव्हता. फोटोच्या फोटोत उलट घडतं. चेहरा अगदी खरा, नाव खरं, जॉबकार्ड खरं. फक्त माणूस तिथे नाही. पहिल्या फसवणुकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

आधी पहिला प्रश्न पाहू. चित्रात चेहरा कुठे आहे हे शोधण्याची वेगवान पद्धत पॉल व्हायोला आणि मायकेल जोन्स यांनी २००१ मध्ये दिली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, नाकाचा दांडा दोन्ही डोळ्यांपेक्षा उजळ असतो, अशा साध्या उजेड-अंधाराच्या खुणा यंत्राने झपाट्याने तपासायच्या. चेहरा सापडला की तो सरळ करून घ्यायचा, म्हणजे डोळे ठरलेल्या जागी येतात. त्यापुढचं काम आज खोल न्यूरल नेटवर्क करतात. फेसबुकचं ‘डीपफेस’ २०१४ मध्ये आलं, गूगलचं ‘फेसनेट’ २०१५ मध्ये. फेसनेटने प्रत्येक चेहरा १२८ आकड्यांत मांडला. नकाशावर गावाची जागा दोन आकड्यांनी ठरते, तशी चेहऱ्याची जागा या १२८ आकड्यांनी ठरते. एकाच माणसाचे फोटो जवळजवळ पडावेत आणि दुसऱ्याचा लांब पडावा, असं यंत्राला लाखो फोटोंवरून शिकवलेलं असतं. यात नाक किती लांब, कपाळ किती रुंद असं कोणी मोजत नाही. काय पाहायचं ते यंत्र स्वतःच ठरवतं.

मग दोन चेहऱ्यांतलं अंतर मोजायचं. ते ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर ‘जुळला’. ही मर्यादा माणूस ठरवतो, हे विसरून चालणार नाही. ती सैल ठेवली तर भलताच माणूस आत जातो, कडक ठेवली तर खरा माणूस बाहेर राहतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. रेशन, पेन्शन, हजेरी या कामांत चेहरा एकाच नोंदीशी ताडून पाहायचा असतो, म्हणून काम तुलनेने सोपं असतं. गर्दीतला एक चेहरा लाखो नोंदींत शोधायचा असेल, तर चुकीची शक्यता कितीतरी वाढते.

आता दुसरा प्रश्न. २००९ मध्ये व्हिएतनामच्या संशोधकांनी लेनोवो, असूस आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांच्या लॅपटॉपची चेहऱ्याची कुलुपं नुसत्या फोटोने उघडून दाखवली. २०११ मध्ये अँड्रॉइड फोनला चेहऱ्याचं कुलूप आलं, तेही फोटोपुढे टिकलं नाही. पुढच्या वर्षी गूगलने डोळे मिचकावण्याची अट घातली. मग लोकांनी त्याच फोटोवर संगणकात पापण्या रंगवल्या आणि उघडे व मिटलेले डोळे आलटून पालटून दाखवले. कुलूप पुन्हा उघडलं. आज आपल्या फोनवर ‘डोळे मिचकवा’ अशी सूचना येते, तिची वंशावळ ही अशी आहे.

त्यानंतर पद्धती बारकाव्यात शिरल्या. त्वचेचा पोत हा त्यातला पहिला धागा. कागदावर छापलेल्या चेहऱ्यात छपाईचे ठिपके येतात, रंगांचा आवाका आखूड होतो, उजेड सपाट पडतो. मोबाइलच्या पडद्यावरचा चेहरा दाखवला तर पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि कॅमेऱ्याच्या संवेदकाची जाळी एकमेकींवर पडून लाटांसारख्या रेषा उमटतात. माणसाच्या डोळ्याला त्या अनेकदा दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. स्वित्झर्लंडमधल्या इडियाप संस्थेने २०१२ मध्ये अशा फसव्या व्हिडिओंचा एक संग्रह खुला केला आणि जगभरच्या अभ्यासकांना एकाच मापाने मोजमाप करता आलं.

दुसरा धागा खोलीचा. कागद सपाट असतो, नाक सपाट नसतं. ॲपलने २०१७ मध्ये तीस हजारांहून अधिक अवरक्त ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याची खोली मोजायला सुरुवात केली. साध्या फोनवर ही सोय नसते, म्हणून एकाच चित्रावरून खोलीचा अंदाज बांधायला न्यूरल नेटवर्कला शिकवलं गेलं.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो तिसरा धागा, नाडीचा. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या त्वचेत रक्त थोडं वाढतं, थोडं कमी होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं, त्यामुळे त्वचेचा रंग अत्यंत सूक्ष्म प्रमाणात बदलत राहतो. साध्या कॅमेऱ्याने, घरातल्याच उजेडात हा बदल टिपता येतो, हे २००८ मध्ये सिद्ध झालं. कागदाला नाडी नसते, रबराच्या मुखवट्यालाही नसते. मात्र उजेड कमी पडला, हात हलला किंवा व्हिडिओ फार दाबून लहान केला, की हा संकेत हरवतो.

या सगळ्या पद्धतींचं दुखणं एकच आहे. ज्या कॅमेऱ्यावर, ज्या उजेडात, ज्या तऱ्हेच्या फसवणुकीवर यंत्र शिकलं, तिथे ते उत्तम चालतं. कॅमेरा बदलला की अचूकता घसरते. प्रयोगशाळेतला दिवा आणि जतच्या माळरानावरचं दुपारी बाराचं ऊन यांत केवढी तफावत. कपाळावर ओढलेला पदर, टोपीची सावली, घामाची चमक, काच तडकलेला जुना फोन. यंत्राला यातलं काहीही संशयास्पद वाटू शकतं. आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनच दोन आकडे वेगवेगळे मागतं. किती फसवे चेहरे निसटले हा एक, आणि किती खरे चेहरे अडवले गेले हा दुसरा. जाहिरातीत पहिला आकडा मिरवतात. गावाच्या दृष्टीने दुसरा महत्त्वाचा. समजा खऱ्यांपैकी शंभरात दोघेच अडले. हजार कार्डधारकांच्या गावात दर महिन्याला वीस माणसं परत जातील.

आणि इथेच रोजगार हमीचं प्रकरण पुस्तकातल्या उदाहरणांपासून वेगळं पडतं. या शास्त्रात फसवणारा कॅमेऱ्यासमोर उभा असतो असं गृहीत धरलेलं आहे. सगळं संरक्षण त्याच्या दिशेने रोखलेलं आहे. फोटोच्या फोटोत फसवणारा कॅमेऱ्याच्या मागे असतो. मोबाइल मजुराच्या हातात नसतो, हजेरी घेणाऱ्याच्या हातात असतो. त्याने असं का केलं याची कारणंही सारखी नसतात. कुठे न आलेल्या माणसांच्या नावावर पैसे काढायचे असतात. कुठे डोंगराच्या कुशीत नेटवर्कच नसतं आणि आलेल्या माणसांची हजेरी बुडू नये म्हणून कसाबसा फोटो चढवलेला असतो. दोन्ही फोटो यंत्राला सारखेच खोटे दिसतात. पहिल्यात सरकारी पैशाची चोरी आहे, दुसऱ्यात मजुराचा घाम खरा आहे. हा फरक सांगणारं सूत्र कुठल्याही न्यूरल नेटवर्कमध्ये नाही. तो कामावर जाऊन खणलेला चर पाहूनच कळतो.

उपाय मात्र मजुराच्या चेहऱ्यावरच शोधला जातो. पत्र निघालं त्याच वर्षाच्या, २०२५ च्या अखेरीस मजुरांच्या चेहऱ्यांची आधारशी पडताळणी सुरू झाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या, म्हणजे मनरेगाच्या जागी जो नवा कायदा मंजूर केला, त्यातही बायोमेट्रिक ओळखीची तरतूद आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाची चूक आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाची परीक्षा, ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही.

चेहऱ्याची ही परीक्षा आता सातारा-सांगलीत घरोघर पोचली आहे. पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवून देता येतो. १ मे २०२५ पासून वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या चेहऱ्यावर लागते. मिरजेचं आणि साताऱ्याचं सरकारी महाविद्यालयही त्यात आलं. कागदावरच दिसणाऱ्या प्राध्यापकांना यामुळे आळा बसत असेल तर ते स्वागतार्हच आहे. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देतानाही आईचा किंवा पालकाचा चेहरा जुळवावा लागतो. रेशनकार्डाची ई-केवायसीही फोनवर चेहरा दाखवून करता येते. आधारवरच्या चेहरा पडताळणीची एकूण संख्या ऑगस्ट २०२५ मध्ये दोनशे कोटींवर गेली.

यात चांगलं आहे आणि ते मोकळेपणी मान्य केलं पाहिजे. ऊस तोडून, हळद शिजवून, भांडी घासून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या, त्यांचा अंगठा रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर वर्षानुवर्षं उमटत नव्हता. कोयनेच्या खोऱ्यातल्या म्हातारीला हयातीच्या दाखल्यासाठी एसटीने पाटणला जाण्यापेक्षा नातवाच्या फोनपुढे डोळे मिचकावणं केव्हाही बरं. पण अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१९ मध्ये १८९ प्रणाली तपासल्या, तेव्हा एकाचा चेहरा दुसऱ्याचा समजण्याची चूक काही समाजगटांत दहा ते शंभर पट जास्त निघाली. वृद्ध आणि लहान मुलांच्या बाबतीतही ती वाढलेली होती. आपल्या योजनांचे लाभार्थी तर वृद्ध, बाळंतिणी आणि उन्हात काम करणारेच आहेत.

शिवाय फसवणुकीचं नवं रूप कॅमेऱ्यासमोर येतच नाही. संगणकाने रचलेला हलता चेहरा थेट ॲपच्या आत सोडला जातो, भिंग त्याला पाहतही नाही. तिथे पोत, खोली, नाडी यांचे पहारे अपुरे पडतात. फोन खरा आहे का, ॲप बदललेलं नाही ना, हे तपासावं लागतं. ही चढाओढ संपणारी नाही, त्यामुळे कोणी ‘शंभर टक्के सुरक्षित’ म्हणालं तर विश्वास ठेवू नये.

आधार प्राधिकरणाचंच २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे. ओळख पटण्यात तांत्रिक अडचण आली म्हणून पात्र माणसाला रेशन किंवा इतर लाभ नाकारता येणार नाही, पर्यायी मार्गाने ओळख पटवून तो द्यावा, असं त्यात सांगितलं आहे. दुकानात, अंगणवाडीत किंवा कामावर चेहरा धरला नाही तर ओटीपी, अंगठा, डोळ्यांची बुबुळं, नाहीतर ओळखपत्र पाहून वहीत नोंद, यांपैकी दुसरा मार्ग मागा. नकार मिळाला तर तो तारखेसह लेखी मागा आणि तहसील कार्यालयात किंवा ग्रामसभेत ठेवा. आधारचा बायोमेट्रिक वापर लागत नसेल तेव्हा आधारच्या ॲपवरून त्याला कुलूप लावता येतं, त्यात चेहराही येतो. घरात जो फोन वापरतो त्याने आजी-आजोबांसाठी हे करून द्यावं आणि ते पुन्हा उघडायचं कसं, तेही त्यांना दाखवून ठेवावं.