नऊवारीवर सत्तर लाख वर्षं

मानवाच्या उत्क्रांतीचा कालपट ए-फोर कागदावर काढायला बसलं की अडचण लगेच कळते. कागद आडवा धरला तर लांबी 297 मिलिमीटर. त्यात सुमारे 70 लाख वर्षं बसवायची, म्हणजे मिलिमीटरला साडेतेवीस हजार. शेतीला तर जेमतेम बारा हजार वर्षं झाली. नांगर, गावं, राज्यं, लिपी हे सगळं अर्ध्या मिलिमीटरात, बॉलपेनच्या एका रेघेत संपतं.

तेव्हा कागद बाजूला ठेवावा आणि अंगणात नऊवारी अंथरावी. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं, एक मीटर म्हणजे दहा लाख. पदराची कड म्हणजे आजचा दिवस.

कडेपासून सात मीटर मागे चाडमध्ये सापडलेली 'तुमाई' ही कवटी येते. 3 मीटर 66 सेंटिमीटरवर टांझानियातल्या लाएटोलीचे ठसे, ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली, दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं. 3 मीटर 20 वर इथिओपियात सापडलेला 'ल्युसी' हा सांगाडा. आपली जात, होमो सेपियन्स, शेवटच्या 30 सेंटिमीटरवर येते. फूटभर कापड! शेती करंगळीच्या रुंदीएवढी. शिवराज्याभिषेक कडेपासून एक तृतीयांश मिलिमीटर. आणि स्वतंत्र भारताचं सगळं आयुष्य एका केसाच्या जाडीत मावतं.

पण माझ्या मते खरा थरार पदरापाशी नाही, मधल्या ओसाड कापडात आहे. दगडी हातकुऱ्हाड घ्या. तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला ती सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची सापडली आहे. जगभरात तिची मूळ घडण दीड मीटरभर कापड जवळपास तशीच टिकली. पंचवीस वर्षांची पिढी धरली तर दर मिलिमीटरात 40 पिढ्या, म्हणजे साठ हजार पिढ्यांनी तोच आकार हाताने पुढच्या हाती दिला. चाकापासून मोबाइलपर्यंतचं अंतर मात्र साडेपाच मिलिमीटर.

इथेच चित्रकाराला मोह होतो. नावांची सगळी गर्दी पदरापाशी, म्हणून तो शेवटचा भाग ताणतो आणि मागचा आक्रसतो. असं करू नये. माप एकच ठेवावं, गर्दीसाठी बाजूला वेगळी चौकट काढून तेवढाच तुकडा मोठा दाखवावा. रिकामं कापड रिकामंच दिसू द्यावं.

दुसरा मोह जुना आहे. 1965 साली रुडॉल्फ झालिंगर यांनी काढलेलं, वाकलेल्या वानरापासून ताठ माणसापर्यंत एकामागे एक चालणाऱ्यांचं चित्र आपल्या डोक्यात इतकं बसलंय, की प्रत्येक जात म्हणजे रांगेतला एक जण वाटतो. जात हा बिंदू नव्हे, लांब पट्टी आहे. होमो इरेक्टसची पट्टी 1 मीटर 90 पासून सुरू होते आणि जावा बेटावर कडेपासून 11 सेंटिमीटरवर येऊन थांबते. तेवढ्यात 40 सेंटिमीटरच्या आसपास निअँडरथलची पट्टी निघालेली असते, ती 4 वर थांबते. फ्लोरेस बेटावरच्या बुटक्या माणसांच्या खुणा 5 पर्यंत मिळतात. या पट्ट्या एकीखाली एक काढाव्यात, आणि टोकं पुसट ठेवावीत, कारण पहिलं हाड सापडलं म्हणजे पहिला माणूस सापडला असं नाही.

दीड मीटरवर एक जागा ठळक करावी. केनियातल्या तुर्काना सरोवराकाठच्या चिखलात दोन वेगवेगळ्या जातींच्या पावलांचे ठसे एकाच थरात मिळाले; 2024 साली ते जाहीर झालं. काही तासांच्या, फार तर दिवसांच्या अंतराने दोघं त्याच ओल्या काठावरून गेले होते. रांगेच्या चित्रात त्यांना जागाच नाही. माझ्या कालपटात त्या पावलांसाठी दोन रंग राखून ठेवलेत.

तुमाईच्या मागे सव्वा मीटर साडी उरते. ती कोरी राहू दे. आपल्या आणि चिंपांझींच्या सामाईक पूर्वजांकडे जाणारी वाट तिथेच आहे. आणि ज्या अंगणात ती अंथरली, ते दख्खनच्या काळ्या दगडावर असेल, तर तो दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. तिथवर पोचायला अशा आठ नऊवाऱ्या टोकाला टोक लावून अंथराव्या लागतील.