एकच ग्रंथी, वयागणिक वेगळा कर्करोग

मिरज - साठी उलटली, की लघवीची तक्रार व्हायचीच, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्यामुळे प्रोस्टेट अर्थात पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाकडे दुहेरी दुर्लक्ष होते. वृद्धांची तक्रार वयाच्या खात्यावर जमा होते आणि पन्नाशीच्या आतील पुरुषाला हा आजार आपला वाटतच नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील रुग्ण मिरजेची वाट धरत आले आहेत. मात्र, रुग्णालय जवळ असले, तरी तिथे वेळेत पोचण्यासाठी हा आजार वयानुसार कसा बदलतो, हे ठाऊक असायला हवे.

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. उतारवयात ती वाढते. पण ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग प्रामुख्याने पासष्टीनंतर आढळतो. पेशींचे विभाजन होताना जनुकांत राहिलेल्या चुका वर्षानुवर्षे साचत जातात आणि त्यातून तो उद्‌भवतो. त्याची वाढ अनेकदा इतकी संथ असते, की अन्य कारणाने मृत्यू पावलेल्या अनेक वृद्धांच्या शवविच्छेदनातच तो प्रथम दिसतो.

पंचावन्नच्या आत होणाऱ्या कर्करोगाची घडण निराळी असते. तरुण वयात पुरुषी संप्रेरकांचा प्रभाव अधिक असतो. त्या प्रभावाखाली २१ व्या गुणसूत्रावरील दोन जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात व पेशींच्या वाढीला चालना मिळते. ही जोडणी २००५ मध्ये उजेडात आली. अशा फेरजुळण्या तरुण रुग्णांत विशेष ठळक असल्याचे २०१३ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले. आनुवंशिकतेचा वाटाही इथे मोठा असतो. 'बीआरसीए-२' या जनुकातील दोष स्त्रियांत स्तनांच्या, तर पुरुषांत या कर्करोगाचा धोका वाढवतो. म्हणूनच वडील व भावाप्रमाणे आई-बहिणीचा आजारही डॉक्टरांना सांगावा.

तरुणांतील प्रत्येक कर्करोग आक्रमकच असतो, असे नाही. वेळीच सापडल्यास उपचारांना चांगले यश येते. मात्र, तीव्र स्वरूपाचा व पसरलेला आजार तरुणांत अधिक घातक ठरू शकतो. उलट, वृद्धांतील सौम्य गाठीला शस्त्रक्रियेऐवजी नियमित देखरेखही पुरेशी ठरते. हा निर्णय केवळ वयावर होत नाही. बायोप्सीत दिसणारी पेशींची प्रत महत्त्वाची असते. रक्तातील 'पीएसए'चे प्रमाण संसर्गानेही वाढते. त्यामुळे तो आकडा पाहून घाबरू नये.

प्रारंभी या आजाराची लक्षणे बहुधा नसतात. कुटुंबात इतिहास असल्यास ४५ व्या वर्षापासूनच तपासणीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे हिताचे.