हर्पीस आणि तालीम

सातारा-सांगलीच्या मुलखाला कुस्तीचे वेड. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, ते याच मातीत घडलेले. अशा ठिकाणी ओठावर वा मानेवर पाण्याचे बारीक फोड उठले, की पोरगा विचारतो, ‘आता मेहनत सोडायची काय?’

मेहनत सोडू नये. लढत तेवढी थांबवावी. हा हर्पीस. आपण नागीण म्हणतो ती वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची. हर्पीसचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी कायमचा दडून राहतो. जागरण, अतिश्रम, कडक ऊन यांनी तो चाळवू शकतो. बेताच्या व्यायामाची भीती नको. भीती आहे ती अंगाला अंग घासण्याची. १९८९ साली अमेरिकेतील मिनेसोटात एका कुस्ती-शिबिरात १७५ पैकी ६० मुलांना तो लागला.

म्हणून फोड दिसताच वस्तादांना सांगावे. सर्व फोडांवर कोरडी खपली धरून डॉक्टर होकार देईपर्यंत आखाड्यात उतरू नये. ताप नसेल तर एकट्याने जोर-बैठका, पहाटेची धाव खुशाल चालू ठेवावी. पंचा दुसऱ्यास देऊ नये. फोड डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

हा रोग होण्यात लाज नाही; तो लपवून जोडीदाराला भिडणे, यात मात्र आहे.