वेगवेगळी चालतात, पण एकत्र?

१९९१ च्या आखाती युद्धातून अमेरिकेचे सैनिक जिंकून परतले. पुढच्या काही वर्षांत मात्र त्यांच्यापैकी हजारो जण सारख्याच तक्रारी सांगू लागले. सतत थकवा, स्नायू आणि सांधे दुखणे, विसर पडणे, कशात लक्ष न लागणे. अंगावर जखम नव्हती आणि नेहमीच्या तपासण्यांत काही सापडत नव्हते.

या सैनिकांपैकी अनेकांनी रणांगणावर तीन गोष्टी वापरल्या होत्या. सोमान या विषारी वायूपासून बचावासाठी पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइडची ३० मिलिग्रॅमची गोळी, दर आठ तासांनी. अंगाला लावायचे डीट, म्हणजे कीटक पळवणारे औषध. आणि गणवेशावर मारलेले पर्मेथ्रिन. ठरलेल्या प्रमाणात घेतल्यास प्रत्येक गोष्ट सुरक्षित मानली जात होती. तिन्ही एकत्र आल्यावर काय होते?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे मोहम्मद अबू-डोनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग कोंबड्यांवर केला. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोंबडीच का? काही विषांमुळे माणसाच्या पायांतली ताकद उशिरा जाते. तो परिणाम मोठ्या कोंबडीत स्पष्ट दिसतो, उंदरात तितका दिसत नाही. आठवड्यातून पाच दिवस, असे दोन महिने औषधे दिली. एकेकटे औषध दिलेल्या कोंबड्यांना फारसा त्रास झाला नाही. दोन औषधे दिलेल्यांना जास्त झाला. तिन्ही दिलेल्यांची अवस्था सर्वांत वाईट झाली. त्यांचे पाय लटपटू लागले.

याचे कारण समजायला एसटीची सीट आठवा. आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो. शरीरात एन्झाइम नावाची प्रथिने असतात. त्यांतले एक मज्जातंतूंचा संदेश पोचला की तो थांबवते. सोमान त्या एन्झाइमवर कायमचा बसतो आणि माणूस मरतो. गोळी त्यातल्या काही जागांवर तात्पुरता रुमाल टाकते, म्हणून सोमानला सगळ्या जागा मिळत नाहीत. पण तोच रुमाल रक्तातल्या दुसऱ्या एन्झाइमवरही पडतो. बाहेरून आलेली विषे निकामी करण्यात या एन्झाइमचा वाटा असतो. तेच अडकले, तर बाकीची औषधे न मोडता मज्जासंस्थेपर्यंत जास्त प्रमाणात पोचतात, असे संशोधकांनी सुचवले.

कोंबड्यांना दिलेले डोस सैनिकांपेक्षा खूप मोठे होते आणि दोन औषधे कातडीखाली टोचली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. एका प्रयोगाने माणसाचा आजार सिद्ध होत नाही. वाद बरीच वर्षे चालला. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या सल्लागार समितीने मात्र ही गोळी आणि कीटकनाशके यांचा या आजाराशी कारण म्हणून संबंध आहे, असा निष्कर्ष काढला.

हे सगळे लांबचे वाटेल, पण तसे नाही. माझे मामा यवतमाळ जिल्ह्यात कापूस लावतात आणि फवारणीचा पंप स्वतः पाठीवर घेतात. २०१७ मध्ये त्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले, शेकडो जण दवाखान्यात गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडावर येणारा फवारा, संरक्षक कपडे नसणे आणि अनेक औषधे एकाच पंपात मिसळणे, अशी कारणे पुढे आली. कापसावरच्या प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन या जोडीचेच बघा. पहिले औषध अळीच्या शरीरातले एन्झाइम अडवते, म्हणून दुसरे जास्त चालते. तशीच एन्झाइमे माणसातही असतात.

भिलाईत आमच्या खुर्सीपारला पावसाळ्यात डास फार. संध्याकाळी दारे-खिडक्या लावून कॉइल पेटते, वर फवारा मारला जातो आणि अंगाला मलम चोळले जाते. हे प्रमाण रणांगणाएवढे किंवा शेताएवढे नक्कीच नाही, पण घरात लहान मुले असतात. मच्छरदाणी लावली तर यातले निम्मे लागतच नाही. सुट्टीत मी आईला हे सांगितले. आता आमच्याकडे मच्छरदाणी आणि एकच औषध, खिडकी उघडी ठेवून.

मित्रांनो, सैनिकाला आदेशाने दिलेली गोळी घ्यावीच लागते. उद्या आपल्यापैकी कोणी तो आदेश देणारा अधिकारी असेल. औषध सुरक्षित आहे का, एवढे विचारून त्याने थांबू नये. माझे जवान याच्याबरोबर आणखी काय घेत आहेत, काय लावत आहेत, हेही डॉक्टरांना विचारावे. मामांनाही मी हेच सांगितले आहे: डब्यावर लिहिल्याशिवाय दोन औषधे एका पंपात घालू नका.