दोघांचे पहिले लंडन

पासपोर्ट, पाकीट आणि नकाशा एकाच्याच हातात राहिला, तर परदेशची सहल एकाचीच होते. लंडनसारखी राजधानी पहिल्यांदा पाहायला निघालेल्या पती-पत्नींनी आधी काय ठरवावे, काय पाहावे आणि काय खुशाल सोडून द्यावे?

लग्नानंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षे मध्यमवर्गीय घरातल्या पती-पत्नींचा प्रवास म्हणजे नात्यातली लग्ने, कुलदैवताचे दर्शन, मुलांना घेऊन आजोळ आणि फार तर एखादे महाबळेश्वर किंवा उटी. मुले मार्गी लागतात, घराचे हप्ते संपतात आणि मग कधी तरी विषय निघतो, आता आपण दोघांनी एकदा परदेश पाहू या. अशा वेळी लंडनचे नाव पुढे येतेच. भाषा थोडीफार ओळखीची, वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने धावणारी, शाळेच्या इतिहासात भेटलेल्या इमारती आणि कुणा ना कुणाचा भाचा-पुतण्या तिथे नोकरीला.

खर्च मोठा असतो. कित्येक वर्षांची शिल्लक त्यात जाते. तरीही परतल्यावर अनेकदा असे दिसते की, शहर एकाने पाहिले आणि दुसऱ्याने त्याला सोबत केली. बेत त्याने आखला, तिकिटे त्याने काढली, पैसे त्याने दिले. ती चिवड्याची पिशवी सांभाळत मागून चालत राहिली आणि सांगितले तिथे फोटोला उभी राहिली. काही घरांत याच्या नेमके उलटही घडते. इतक्या वर्षांनी मिळालेले हे पाच-सहा दिवस असे जाऊ द्यायचे नसतील, तर तयारी घरापासूनच दोघांनी मिळून करावी लागते.

कागद दोघांचे, कार्डेही दोन

ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो. युरोपातील बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. त्यामुळे ‘पॅरिसला चाललोच आहोत, तर लंडनही करून येऊ’ असे ऐनवेळी ठरवता येत नाही. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. पती-पत्नींचे अर्ज स्वतंत्र असतात आणि बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही केंद्रावर जावे लागते. पत्नीचे स्वतःचे उत्पन्न नसेल, तर तिचा खर्च कोण करणार हे बँकेच्या उताऱ्यांसह स्पष्ट दाखवावे. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस राहणार, कुठे उतरणार, परत कधी जाणार, असे साधेच प्रश्न विचारतो. पण त्याची उत्तरे दोघांनाही ठाऊक हवीत. ‘ह्यांना विचारा’ हे उत्तर तिथे बरे दिसत नाही.

पैशांच्या बाबतीत लंडनची व्यवस्था आपोआपच समानतेची आहे. तिथल्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये बँकेचे कार्ड यंत्राला टेकवून प्रवास करता येतो, पण एका कार्डावर दोघांना एकाच वेळी जाता येत नाही. प्रत्येकाचे कार्ड वेगळे लागते. दिवसभरात कितीही फिरले, तरी ठरावीक रकमेपुढे त्या कार्डावर भाडे लागत नाही. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. म्हणून परदेशात चालणारे एकेक कार्ड दोघांच्याही नावाने घ्यावे किंवा तिथे गेल्यावर दोन ‘ऑयस्टर’ कार्डे घ्यावीत. शिवाय थोडे पौंड, हॉटेलचा पत्ता लिहिलेला कागद आणि चालू असलेला फोन प्रत्येकाजवळ असावा. गर्दीच्या स्टेशनावर एक जण गाडीत आणि दुसरा फलाटावर राहिला, तर याच तीन गोष्टी उपयोगी पडतात. पुढच्या स्टेशनावर उतरून थांबायचे, हा नियमही आधीच ठरवून ठेवावा. संकटात ९९९ हा क्रमांक लावावा.

आपल्याकडच्या विजेच्या पिना तिथल्या खोबणीत बसत नाहीत, म्हणून अ‍ॅडॉप्टर बरोबर न्यावा. छत्री आणि रुळलेले बूट हवेतच. जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. एकाच खर्चात मोठा दिवस हवा असेल, तर महिना निवडताना हे ध्यानात घ्यावे.

पहिला दिवस बसच्या वरच्या मजल्यावर

हीथ्रो विमानतळावरून शहरात यायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन स्वस्त पडते, मात्र तासभर लागतो. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन वेगवान आहे. ही भुयारी रेल्वे जगातील सर्वांत जुनी. पहिली गाडी १८६३ मध्ये वाफेच्या इंजिनावर धावली. जुनेपणाचा त्रासही आहे. अनेक स्टेशनांत लिफ्ट नाही आणि जिने भरपूर. गुडघेदुखी असणाऱ्यांनी नकाशावर व्हीलचेअरचे चिन्ह असलेली स्टेशने निवडावीत. सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूला उभे राहायचे, डावी बाजू घाईतल्या माणसांसाठी मोकळी ठेवायची.

पहिल्या दिवशी झोप पुरी झालेली नसते. त्या दिवशी संग्रहालये नकोत. लाल दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, जमल्यास पुढच्या काचेशी बसावे. ट्रॅफल्गर चौकातून निघणारी १५ क्रमांकाची बस सेंट पॉल कॅथीड्रलवरून थेट टॉवर ऑफ लंडनकडे जाते. पर्यटकांच्या महागड्या बसमधून दिसते त्यातले बरेचसे साध्या भाड्यात दिसते. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस पकडली, तर वेगळे भाडेही पडत नाही.

राजवाड्यापासून पार्लमेंटपर्यंत

दुसऱ्या दिवशी पायी चालावे. बकिंगहॅम राजवाड्यासमोर पहारेकऱ्यांच्या बदलीचा सोहळा सामान्यतः सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी अकराला असतो. पाऊस फार असला, तर रद्द होतो. कुंपणाजवळ जागा हवी असेल, तर तासभर आधी जावे लागते. तिथून सेंट जेम्स पार्कमधून चालत निघाले, की तळ्यात पेलिकन पक्षी दिसतात. १६६४ मध्ये रशियाच्या राजदूताने ते भेट दिले, तेव्हापासून या बागेत पेलिकन आहेत.

पुढे बिग बेन. हे नाव खरे तर मनोऱ्याचे नसून आतल्या सुमारे साडेतेरा टनांच्या घंटेचे आहे. मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात. समोरच्या पार्लमेंट चौकात मात्र घाई करू नये. याच पार्लमेंटने भारतावर राज्य केले आणि त्याच्याच समोर २०१५ मध्ये महात्मा गांधींचा पुतळा उभा राहिला, तोही त्यांना कडाडून विरोध करणाऱ्या चर्चिल यांच्याच चौकात. २०१८ पर्यंत या चौकात एकाही स्त्रीचा पुतळा नव्हता. त्या वर्षी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसेंट फॉसेट यांचा पुतळा इथे बसला. हे सारे पाहायला एक पैसाही पडत नाही.

कोहिनूरसमोर

तिकिटाचा मोठा खर्च एकाच ठिकाणी करायचा असेल, तर तो टॉवर ऑफ लंडनसाठी करावा. माणशी तीस पौंडांहून अधिक पडतात, पण अर्धा दिवस सहज जातो. अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतलेला हा किल्ला राजवाडाही होता आणि तुरुंगही. येथील राजमुकुटांच्या दालनात राजमाता एलिझाबेथ यांच्या १९३७ च्या मुकुटात कोहिनूर आहे.

१८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यावर लाहोरच्या तहान्वये हा हिरा इंग्रजांकडे गेला. तेव्हा महाराजा दुलीपसिंग अवघे दहा वर्षांचे होते. पुढे १८५२ मध्ये हिऱ्याला नव्याने पैलू पाडले आणि तो १८६ कॅरटवरून सुमारे १०५ कॅरटवर आला. २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिला यांनी कोहिनूरचा मुकुट घातला नाही, यामागेही हा इतिहास होताच. मुकुटांसमोरून सरकता पट्टा लोकांना पुढे नेतो आणि छायाचित्राला बंदी आहे. काहींना हिरा अपेक्षेपेक्षा लहान वाटतो, काहींचा राग अनावर होतो. फोटो काढता येत नसल्याने इथे दोघेही डोळ्यांनी पाहतात, हाही फायदाच.

शेजारचा, दोन मनोऱ्यांचा पूल म्हणजे टॉवर ब्रिज, १८९४ चा. त्यालाच लंडन ब्रिज समजण्याची चूक बहुतेक जण करतात. लंडन ब्रिज पलीकडचा साधा पूल आहे. बोटींसाठी टॉवर ब्रिज कधी उघडणार, याचे वेळापत्रक आधी प्रसिद्ध होते. ते पाहून गेल्यास हा देखावा फुकट मिळतो.

संग्रहालयात दोन तास आपापले

लंडनमधली मोठी संग्रहालये विनामूल्य आहेत, हा मध्यमवर्गीय पर्यटकासाठी मोठाच दिलासा. ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिला आहे, तशीच आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची शिल्पेही आहेत. नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुले आहेत. साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इंग्रज शिपायावर झडप घालणारा, पोटात वाद्य बसवलेला टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आणि महाराजा रणजितसिंगांचे सोनेरी सिंहासन आहे. शिवाजी महाराजांशी परंपरेने जोडली गेलेली वाघनखे याच संग्रहालयातली. ती २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आणली गेली. ती महाराजांनीच वापरली, असा निश्चित पुरावा नसल्याचे संग्रहालय स्वतः सांगते.

इथे दोघांच्या आवडी वेगळ्या पडतात. तिला जुनी वस्त्रे आणि दागिने तासभर पाहायचे असतात, त्याला शेजारच्या सायन्स म्युझियममधली वाफेची इंजिने. ‘चल लवकर’ आणि ‘थांबा हो जरा’ यात दिवस घालवण्यापेक्षा दोन तासांसाठी वेगळे व्हावे आणि ठरल्या वेळी उपाहारगृहात भेटावे. परक्या शहरात दोन तास एकटीने वावरलेल्या बाईचा धीर पुढच्या दिवसांत वेगळाच दिसतो. चहाच्या वेळी सांगायला दोघांकडे काही तरी नवे असते, ते निराळेच.

ओळखीच्या खुणा

मराठी माणसाला थांबायला लावतील अशी घरेही या शहरात आहेत. प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये शिक्षणासाठी राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले. चॉक फार्म हे जवळचे स्टेशन. जाण्यापूर्वी उघडे असण्याच्या वेळा पाहून घ्याव्यात. हायगेट भागात ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत श्यामजी कृष्ण वर्मांचे इंडिया हाउस होते. तिथे स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या वास्तव्याची फलक-खूण आहे. ही खासगी घरे असलेली वस्ती आहे, म्हणून बाहेरूनच पाहावे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचे. सणाच्या दिवसांत गेलात, तर त्याच्या कार्यक्रमांची आधी चौकशी करावी.

पोट आणि पाकीट

शाकाहारी पर्यटकांची इथे उपासमार होत नाही. यूस्टन स्टेशनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी भारतीय जेवण मिळते. वेम्बलीची ईलिंग रोड म्हणजे जवळपास गुजराती बाजारपेठच. तिथून फार लांब नसलेले नीसडनचे स्वामिनारायण मंदिर १९९५ चे, संगमरवरी कोरीव कामासाठी आवर्जून पाहण्याजोगे. नळाचे पाणी पिण्यालायक असते, ते उपाहारगृहात मागितल्यास फुकट मिळते. बिलात बऱ्याचदा सेवाशुल्क आधीच धरलेले असते, तेव्हा वर बक्षिशी देण्यापूर्वी बिल वाचावे. पूर्वी पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळे. ती सवलत २०२१ पासून बंद झाली आहे. नातेवाइकांच्या भेटवस्तूंची यादी त्या मानाने छोटी ठेवावी.

पाय दुखू लागतात तेव्हा

चौथ्या दिवशी हमखास वाद होतो. कारण क्षुल्लक असते. चुकलेला रस्ता, महाग कॉफी, ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’. खरे कारण दुखणारे पाय आणि राहून गेलेल्या ठिकाणांची यादी. अशा दिवशी यादी घडी घालून ठेवावी आणि वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोटीने ग्रिनिचला जावे. दोन्ही काठ बसल्या जागी सरकत राहतात आणि चालावे लागत नाही. ग्रिनिचच्या टेकडीवर १६७५ साली स्थापन झालेली वेधशाळा आहे, जिथून जगाची रेखावृत्ते मोजली जातात. आपले घड्याळ या रेषेच्या साडेपाच तास पुढे. वेधशाळेच्या दारातले जुने घड्याळ मात्र उन्हाळ्यातही ग्रिनिचचीच वेळ दाखवते, त्यामुळे लंडनकरांच्या मनगटापेक्षा ते तेव्हा एक तास मागे असते. टेकडीवरच्या गवतावर बसून थेम्स नदी पाहायला तिकीट नाही. घरून आणलेला चिवडा संपवायला ही जागा उत्तम.

शेवटची संध्याकाळ

मराठी माणसाने लंडनला जाऊन नाटक न पाहता परतावे, हे काही बरे नाही. अगाथा ख्रिस्तींचे ‘द माउसट्रॅप’ तिथे १९५२ पासून चालू आहे. मध्ये खंड पडला तो महासाथीच्या काळात, मार्च २०२० ते मे २०२१. बर्फाने वाट अडलेला एक वाडा, आत अडकलेली माणसे आणि त्यांच्यातच लपलेला खुनी. एवढे कळले, की इंग्रजी थोडे सुटले तरी बिघडत नाही. महागड्या जागा परवडत नसतील, तर वरच्या सज्जातल्या घ्याव्यात. पडदा पडण्यापूर्वी एक नट पुढे येऊन प्रेक्षकांना विनंती करतो, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका. गावी परतल्यावर शेजारीपाजारी कोहिनूर कसा दिसतो, थंडी किती होती, हे सगळे विचारतील आणि ते सांगून टाकावे. नाटकातले ते गुपित मात्र दोघांनी आपल्यातच ठेवावे.