साहित्यसंस्था, मराठी
साहित्याची निर्मिती, चर्चा, प्रकाशन व प्रसार यांसाठी लेखकांनी आणि वाचकांनी मराठी भाषिक प्रदेशात स्थापन केलेल्या संस्था. लेखकांना परस्परांशी जोडणे, नवोदितांच्या लेखनास वाव देणे, नियतकालिके व ग्रंथ प्रसिद्ध करणे, संमेलने भरविणे आणि भाषाविषयक प्रश्नांवर लोकमत घडविणे, ही त्यांची प्रमुख कार्ये होत. मुंबई व पुणे या दोन नगरांत मराठी ग्रंथप्रकाशन दीर्घकाळ एकवटलेले असल्यामुळे इतर भागांतील लेखकांच्या दृष्टीने प्रादेशिक संस्थांना विशेष महत्त्व प्राप्त झाले.

प्रारंभ : न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) आणि लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख (१८२३–९२) यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुणे येथे पहिले ग्रंथकार संमेलन भरले. ग्रंथप्रसारास चालना देण्याच्या हेतूने एकत्र आलेल्या या मेळाव्याचे अध्यक्ष रानडे होते. दुसरे संमेलन १८८५ मध्ये पुण्यातच भरले. त्याचे निमंत्रण जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी पत्राद्वारे नाकारले. सर्व माणसांचे हक्क जे आचारात व लेखनात मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी शूद्रातिशूद्रांच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. साहित्यसंस्था कोणाच्या, आणि तेथे कोणाच्या अनुभवास स्थान मिळणार, हा प्रश्न अशा रीतीने या संस्थांच्या उगमापाशीच उपस्थित झाला. पुढील शतकातील अनेक नव्या संस्थांचा जन्म या प्रश्नातूनच झालेला दिसतो.

प्रादेशिक संस्था : पुणे येथील १९०६ च्या संमेलनात २७ मे रोजी महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. महाराष्ट्र साहित्य पत्रिका हे नियतकालिक, अनेक खंडांतील मराठी वाङ्मयेतिहासाचे प्रकाशन, वाङ्मयीन परीक्षा आणि गावोगावच्या शाखा यांमुळे तिचे कार्य पश्चिम महाराष्ट्रात पसरले. विदर्भ त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाड या द्वैभाषिक प्रांतात होता. तेथे १९२३ मध्ये अमरावती येथे विदर्भ साहित्य संघ स्थापन झाला. पुढे संघाचे मुख्य कार्यालय नागपूर येथे गेले. युगवाणी हे संघाचे नियतकालिक होय. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मध्ये अस्तित्वात आला. साहित्यचर्चेबरोबरच मराठी रंगभूमीच्या पुनरुज्जीवनात त्याचा मोठा वाटा असून गिरगावातील त्याचे नाट्यगृह प्रसिद्ध आहे.

मराठवाड्याची परिस्थिती यांहून वेगळी होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. सार्वजनिक सभांवर कडक निर्बंध होते. अशा काळात मराठी ग्रंथालये आणि साहित्यविषयक मेळावे हेच लोकांना एकत्र येण्याचे एक साधन ठरले. त्या चळवळीतून घडलेली मराठवाडा साहित्य परिषद आपला प्रारंभ १९४३ पासून मानते. प्रतिष्ठान हे तिचे नियतकालिक असून तिचे मुख्य कार्यालय औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथे आहे.

या चार संस्थांनी मिळून १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. महामंडळाचे कार्यालय ठराविक मुदतीने घटक संस्थांकडे फिरते राहते. त्यामुळे कोणत्याही एका विभागाचे कायमचे वर्चस्व राहू नये, अशी ही योजना आहे. महामंडळाने तयार केलेले मराठी लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले. त्यांतील पहिले चौदा १९६२ मध्ये आणि उरलेले चार १९७२ मध्ये मान्य झाले. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे आयोजनही महामंडळाकडे आले. अध्यक्षाची निवड पूर्वी मतदानाने होत असे. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून मतदानाऐवजी महामंडळ सर्वसंमतीने अध्यक्ष निवडू लागले. त्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. ९८ वे संमेलन २०२५ मध्ये दिल्ली येथे तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली भरले.

पुढील काळात लहान प्रदेशांनीही आपापल्या संस्था उभारल्या. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली. कवी केशवसुत यांच्या मालगुंड (जि. रत्नागिरी) या जन्मगावी तिने त्यांचे स्मारक उभारले. पूर्व विदर्भातील झाडीबोली आणि खानदेशातील अहिराणी यांतील लेखनासाठी स्वतंत्र संमेलने भरू लागली. बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, येळ्ळूर यांसारख्या गावांत ग्रामस्थ स्वतः साहित्य संमेलने भरवितात. राज्याबाहेर गोवा, हैदराबाद, बडोदे, भोपाळ इ. ठिकाणी मराठी साहित्यसंस्था असून त्यांपैकी हैदराबाद येथील मराठी साहित्य परिषदेचे पंचधारा हे नियतकालिक उल्लेखनीय आहे.

नवे प्रवाह : प्रस्थापित संस्थांत ज्यांना पुरेसे स्थान मिळाले नाही, त्यांनी स्वतंत्र व्यासपीठे निर्माण केली. पहिले दलित साहित्य संमेलन १९५८ मध्ये मुंबई येथे भरले. गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) यांनी औरंगाबादहून चालविलेल्या अस्मितादर्श या नियतकालिकाने दलित लेखकांच्या अनेक पिढ्यांना पहिले वाचक मिळवून दिले. त्याच्या वतीने भरणाऱ्या लेखक-वाचक मेळाव्यांत नव्या लेखनाची चर्चा होत असे. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये सोलापूर येथे झाले. आदिवासी, ग्रामीण व ख्रिस्ती लेखकांचीही स्वतंत्र संमेलने भरत आली आहेत.

नियतकालिके : मराठी लेखकाचा वाचकांशी पहिला परिचय बहुधा नियतकालिकांतून होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये मनोरंजन मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि त्यातून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली. कथा, कविता व दीर्घ लेख यांना वर्षातून एकदा मोठा वाचकवर्ग मिळवून देणारी ही प्रथा आजही टिकून आहे. जिल्ह्याच्या ठिकाणांहून निघणारे अंक स्थानिक लेखकांना विशेष उपयोगी पडतात. नवकथा व नवकविता यांच्या जडणघडणीत सत्यकथा या मासिकाचे कार्य मोठे होते. ते १९८२ मध्ये बंद पडले. साठीच्या दशकात तरुण लेखकांनी असो, वाचा, फक्त यांसारखी अनियतकालिके स्वतः काढून संपादकीय चौकटीबाहेरचे लेखन प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये अनुष्टुभ् सुरू झाले. पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळे येथून कविता-रती सुरू केले. गंभीर स्वरूपाचे वाङ्मयीन नियतकालिक मुंबई-पुण्याबाहेरूनही चालू शकते, हे त्याने दाखवून दिले.

शासकीय साहाय्य : महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर १९६० मध्येच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. ज्यांचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नाही, अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनास मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेतून साहाय्य मिळते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार ठेवलेले आहेत. साहित्य अकादेमीने २०११ पासून ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी युवा पुरस्कार सुरू केले. त्यांत मराठीचाही समावेश आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अनुदान दिले जाते. या ग्रंथालयांची ग्रंथखरेदी हा मराठी प्रकाशनव्यवसायाचा एक मोठा आधार आहे. अनुदान रखडले की खरेदी घटते आणि त्याची झळ प्रथम नव्या व अपरिचित लेखकाच्या पुस्तकास पोहोचते.

मर्यादा व मूल्यमापन : साहित्यसंस्थांची सदस्यसंख्या आणि त्यांचा वाङ्मयीन प्रभाव यांचे प्रमाण सर्वत्र सारखे नसते. संमेलनाच्या खर्चासाठी शासन, राजकीय नेते व धनिक यांच्यावर अवलंबून राहावे लागत असल्याने त्यांच्या स्वायत्ततेविषयी वेळोवेळी वाद झाले आहेत. आणीबाणीत, १९७५ मध्ये, कराड येथील संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत (१९१०–२००२) यांनी लेखनस्वातंत्र्याची निर्भयपणे बाजू घेतली आणि नंतर कारावासही पत्करला. संस्था शासनाचे साहाय्य घेत असली, तरी तिचे व्यासपीठ शासनाचे नसते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

पुस्तक छापणे आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. मागणीनुसार थोड्या प्रती छापण्याच्या तंत्रामुळे लहान गावातील लेखकही स्वखर्चाने पुस्तक काढू शकतो. काव्यसंग्रहांच्या बाबतीत स्वखर्चाची ही पद्धती जुनीच आहे. मात्र संपादकाचा साक्षेप, वितरण आणि परीक्षण यांची सोय केवळ पैशाने होत नाही. हस्तलिखित काळजीपूर्वक वाचणारा संपादक, चर्चा करणारे स्थानिक मंडळ आणि पुस्तक मागवणारे गावचे ग्रंथालय ही साखळी जेथे अखंड राहिली, तेथे केंद्रापासून दूर असलेल्या लेखकांचे लेखनही टिकले आणि मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात त्याची भर पडली. ही साखळी जोडून ठेवणे, हेच साहित्यसंस्थांच्या कार्याचे सर्वांत महत्त्वाचे अंग होय.