हळदीच्या कागदावर

फाल्गुनातला रविवार, सकाळचे सात वाजायला आलेत. पुण्याच्या वेताळ टेकडीवर रोज फिरायला येणारी मंडळी झपाझप पुढे चालली आहेत आणि आमचा घोळका त्यांची वाट अडवून मातीत बसलाय. तीन ते आठ वर्षांची पंधरा-वीस मुलं, त्यांचे आईबाबा, दोन आज्या, एक आजोबा आणि आईच्या झोळीत झोपलेलं एक तान्हं. एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने टेकडीवर शिरलो, त्याला बराच वेळ झाला, तरी अजून हाकेच्या अंतरावरच आहोत. मुंग्यांचं बीळ सापडलंय, त्यामुळे कुणी हलायला तयार नाही.

बिळाभोवती बारीक मातीची तटबंदी आहे, एकात एक अशी वर्तुळं. बाहेर गवताच्या बियांच्या टरफलांचा ढीग. एक मुंगी स्वतःपेक्षा मोठी काडी ओढत तटापर्यंत येते, अडते, मागे फिरते, पुन्हा येते. ‘ही भिंत कशाला केलीय?’ दोन वेण्यांची मुलगी विचारते. सहल नेणाऱ्या ताई उत्तर देत नाहीत. ‘तुला काय वाटतं?’

‘चोर येऊ नये म्हणून.’

‘पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून.’

‘छान दिसावं म्हणून,’ माझी भाची म्हणते.

एका बाबांचा हात खिशातल्या फोनकडे जातो. लेकाला खरं उत्तर शोधून द्यायचंय त्यांना. ताई नुसती मान हलवतात. बाबा फोन तसाच ठेवतात, लेकाशेजारी उकिडवे बसतात आणि थोड्या वेळाने तेच म्हणतात, ‘अरे, ती काडी आडवी झाली म्हणून अडतेय बघ.’ मुलगा वाकून बघतो. खरंच आडवी आहे.

ही सहल कुणा संस्थेची नाही आणि तिला तिकीटही नाही. ताई बालवाडीत शिकवतात. त्यांच्या ओळखीच्या चार घरांनी मिळून हे सुरू केलं आणि घरं वाढत गेली. कुणी पाठकोरे कागद आणतं, कुणी पाण्याचा कॅन, कुणी उकडलेले शेंगदाणे. नियम दोनच. झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायचं. आणि मुलं जे करतील ते मोठ्यांनीही करायचं. मला हा दुसरा नियम फार मोलाचा वाटतो. मुलांना निसर्गात सोडून आपण दगडावर बसून गप्पा मारायच्या, ही सोय इथे नाही. आई मातीत बसली की मूल तिथेच रमतं, आणि आईचा पाय हलला की त्याचाही हलतो, हे समोर दिसतंच आहे.

आम्ही उठतो. कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रस्ता, विधी महाविद्यालय असं शहर चारी बाजूंनी भिडलेली ही टेकडी म्हणजे पुणे शहरातला सगळ्यात उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर. खालून वाहनांची घरघर येते, वर मोर ओरडतोय. वाटेच्या दोन्ही अंगांना फिकट गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आहेत आणि एक आजी हरखून विचारतात, ‘कसली गं ही?’

गिरिपुष्प. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्याबोडक्या टेकड्या हिरव्या करायला वनखात्याने पुण्याच्या टेकड्यांवर ते भरपूर लावलं. त्याच्या बिया आणि साल उंदरांना विषारी, म्हणून उंदीरमारी असंही नाव पडलं. ताई एवढं सांगतात, पण झाड चांगलं की वाईट ते सांगत नाहीत. पिशवीतून सुतळीचे तुकडे काढतात, प्रत्येक घराला एक. सुतळीचं रिंगण जमिनीवर टाकायचं आणि आत काय काय आहे ते शोधायचं. आधी गिरिपुष्पाखाली, मग पुढे बोरीच्या झुडपापाशी.

गिरिपुष्पाखाली वाळकी पानं निघतात. ती उचलली की खाली आणखी वाळकी पानं. एक कोळी, एक प्लॅस्टिकचं झाकण. पोरं लवकर कंटाळतात. बोरीपाशी मात्र कल्ला होतो. कुरतडलेली बोराची आठोळी, राखी पीस, गोगलगायीचा रिकामा शंख, गवताची तीन तऱ्हांची पाती, सोन्यासारखा चमकणारा बारका भुंगा. पीस कुणाचं यावर वाद सुरू होतो आणि तेवढ्यात सातभाईंचा थवा कलकलाट करत झुडपात उतरतो, तेव्हा तो वाद मिटतो. ‘तिकडे काहीच नव्हतं आणि इथे सगळंच आहे,’ आठ वर्षांचा मुलगा आईला सांगतो. एकाच जातीची झाडं सगळीकडे लावली तर काय होतं, हे त्याने स्वतःच्या सुतळीने मोजलंय. एका रिंगणावरून सगळ्या टेकडीचा निकाल लागत नाही, हेही खरं. पण प्रश्न त्याच्या मनात रुजला, आणि तो माझ्या किंवा ताईंच्या तोंडून आलेला नाही.

मला सारखी कोसबाडची आठवण होतेय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांबरोबर ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीची महागडी साधनं गावातल्या मुलांना कुठून मिळणार? मग खडे, बिया, शंख-शिंपले, पानं हीच साधनं झाली. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचं नाव कुरणशाळा. आज शहरातल्या मुलांना गुरं राखायची नाहीत, पण तीही चार भिंतींत अडकलेली आहेतच, आणि त्यांच्या आईबापांचा आठवडा ऑफिस आणि रहदारीत संपतो. त्यांच्यासाठीही शाळेने कुरणावर यावं असं मला मनापासून वाटतं, आणि आज इथे ते घडताना दिसतंय.

पळस पानं गाळून नुसत्या केशरी फुलांनी पेटलाय. त्याच्यावर साळुंक्या भांडतायत आणि त्यांच्यात गुलाबी अंगाचे, काळ्या डोक्याचे दहा-बारा पक्षी. ‘भोरड्या,’ आजोबा म्हणतात, ‘आमच्याकडे ज्वारीवर यायच्या.’ ताई पुस्ती जोडतात, यांनाच पळसमैना म्हणतात. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येतात आणि उन्हाळा चढला की परत जातात. आजोबा मग ज्वारीच्या शेतातल्या माळ्याबद्दल, गोफणीबद्दल, पाखरं हाकताना घातलेल्या आरोळीबद्दल सांगू लागतात. आरोळी कशी होती ते मुलांना ऐकायचंय. आजोबा आधी संकोचतात, मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन अशी खणखणीत आरोळी ठोकतात की सगळ्या साळुंक्या उडतात. ‘परत! परत!’ पोरं ओरडतात. भोरड्या मात्र फुलं सोडत नाहीत.

खाली पडलेल्या फुलांचा सडा आहे. मुलं ओच्यात फुलं गोळा करतात. ताईंनी घरून आणलेल्या बरणीत रात्रभर भिजवलेल्या पळसफुलांचं पाणी आहे, गडद पिवळं. दुसऱ्या बरणीत गोकर्णीचं निळं पाणी. वाटीत गेरू, एका पुडीत कोळसा, एका डब्यात पाण्यात कालवलेली हळद. कुंचले मात्र विकतचे नाहीत. बांबूच्या काड्या आहेत, टोक दाताखाली चेचून मऊ करायचं. डहाणूकडचे वारली चित्रकार असाच कुंचला वापरतात. पुढची पाच मिनिटं सगळा घोळका, आज्यांसकट, काड्या चावत बसलेला आहे.

आधी कागदाला हळद फासायची. मग ताई वाटीत साबणाचं पाणी देतात. ‘याने काढा काहीतरी.’ पाण्याने काय काढायचं, अशा चेहऱ्याने एक लाल टोपीवाला मुलगा काडी बुडवतो आणि पिवळ्या कागदावर ओढतो. रेघ लाल उमटते. तो दचकून काडीच्या टोकाकडे बघतो, मग वाटीत डोकावतो. पाणी पांढरट आहे. पुन्हा ओढतो, पुन्हा लाल. त्याची आई एकदम म्हणते, ‘अगंबाई! शर्टावर वरण सांडलं आणि साबण लावला की डाग लाल होतो, तेच हे!’ आजी पुढे सरसावतात. ‘हळदीचंच तर कुंकू करायचे. चुन्याच्या निवळीत.’ साबणात आणि चुन्यात क्षार असतो, हळद त्याच्याशी लाल होते. लिंबू पिळलं की परत पिवळी. ताई लिंबाची फोड पुढे करतात. लाल रेघ नाहीशी होते आणि तीन वर्षांची एक चिमुरडी तिला शोधायला कागद उलटा करते. गोकर्णीच्या निळ्यात लिंबू पडतं तेव्हा ते जांभळं-गुलाबी होतं, आणि मग लिंबाच्या फोडींसाठी रांगच लागते.

इथून पुढे कुणी फार बोलत नाही, ज्याचा तो कामात आहे. काय काढायचं ते ताईंनी सांगितलेलं नाही, समोर काय आहे ते बघा एवढंच. टेकडीवरच्या दगडखाणीच्या कातळात फुटलेल्या पिंपळाच्या रोपापाशी पाच-सहा वर्षांची मुलगी बसलीय. तिने पान काढलंय, लांब शेपटाचं, आणि ती ते गेरूने रंगवतेय. शेजारी बसलेली आई मऊ आवाजात म्हणते, ‘बाळा, पान हिरवं असतं ना? इथे कुणीतरी पाला चुरडून हिरवा केलाय बघ, देऊ?’ मुलगी मान वर करत नाही, काडीनेच दाखवते. पिंपळाची कोवळी पानं तांबूस आहेत, उन्हात आरपार गुलाबी दिसतायत. आई बघते. उठून जवळ जाते, एक पान बोटावर अलगद तोलते, खालच्या जुन्या पानाशी ताडून बघते. मग परत येऊन आपला कागद ओढते आणि गेरूची वाटी लेकीच्या आणि आपल्या मधोमध ठेवते.

या एका क्षणासाठी मी अशा सहलींची बाजू कुठेही मांडायला तयार आहे. आपण मुलांना चित्र काढायला शिकवतो ते बहुतेक ठरलेलं असतं. डोंगर, मधून सूर्य, नदी, हिरवं झाड, कौलारू घर. हात चालतो, डोळा मिटलेलाच राहतो. समोरचं एक पान काढायचं तर त्याच्याकडे दहा वेळा बघावं लागतं, आणि दहाव्यांदा ते पहिल्यासारखं राहिलेलं नसतं. चित्र चांगलं आलं की वाईट, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाहीये. बक्षीस नाही, भिंतीवर लावणं नाही. मोठी माणसंही त्यामुळे निर्धास्त आहेत. मघाचे फोनवाले बाबा जीभ दाताखाली धरून मुंगी काढतायत आणि लेक त्यांना पायांची संख्या सांगतोय.

टेकडीच्या कडेला जाऊन खाली बघतो तेव्हा एक आई विचारते, रस्त्याचं काय झालं. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीतून रस्ता काढायचा प्रस्ताव आहे आणि त्याविरुद्ध 2023च्या एप्रिलमध्ये हजारो पुणेकर चालले होते. तीही चालली होती, पोटात आत्ताचं हे झोळीतलं बाळ नव्हतं तेव्हा, मोठ्याला खांद्यावर घेऊन. ती बोलत असताना मोठा तिच्या ओढणीला हळद पुसतोय. टेकडी वाचवायला कागदपत्रं लागतात, वकील लागतात, मोर्चेही लागतात. आणि इथल्या बोरीला, कातळाला ओळखणारी माणसं लागतात, ती लहानपणीच घडवावी लागतात. हे काम दिसायला छोटं आहे, पण ते कुणीतरी रविवारी लवकर उठून करायला हवं, आणि इथे ही माणसं ते करतायत.

ऊन चढलं. शेंगदाण्यांची टरफलं पिशवीत गेली, बरण्या धुऊन झाल्या. निघण्याआधी शेवटचं काम. प्रत्येक घराने आपलं एक झाड निवडायचं, वर्षभर दर सहलीला त्याचं चित्र काढायचं. पाऊस पडल्यावर, पानं आल्यावर, पानं गेल्यावर. ताई वहीत लिहून घेतायत. पळसाला तीन घरांची मागणी आहे, काटेसावरीला दोन. जिच्या लेकीने गेरूने पान रंगवलं ती आई अर्थात कातळातला पिंपळ सांगते. आजोबांना हिवर हवा.

‘तुझं कुठलं?’ ताई माझ्या भाचीला विचारतात. ती वाटेच्या कडेच्या वठलेल्या खोडाकडे बोट दाखवते. पान नाही, साल सुटलेली, बुंध्याला वाळवीचा मातकट लेप.

‘ते मेलंय गं,’ लाल टोपीवाला समजावतो. ‘त्याचं काय बदलणार?’

‘आत कुणीतरी राहतं. मी भोक बघितलंय.’

तो धावत खोडापाशी जातो, भोकाला डोळा लावतो आणि तिथूनच ओरडतो, ‘ताई, माझं पण हेच लिहा!’